डाव्या हाताचा जबाब

मला मदत केली ती एका कारखाना निरीक्षक बाईंनी. हे आधीच सांगून टाकतो. झालेलं सांगायला बसलो की मला राग येतो, आणि रागात ज्यांचं आधी सांगायचं त्यांचंच राहून जातं. नाव घेत नाही. त्या सरकारी नोकरीत आहेत, बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यात, माझ्या लिहिण्यावरून त्यांना कुणी चार प्रश्न विचारलेले मला चालायचे नाहीत. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणत होतो. इथंही मॅडमच म्हणतो.

दुसरे चाचा. ते आमच्या रंगखात्यात बॉयलरवर होते. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला नसता तर हात कोपरापासून गेला असता, असं डॉक्टरच म्हणाले. पण चाचांच्या घरातच मी आता राहतो. त्यांचं पाणी भरतो, त्यांच्या औषधांवरची नावं वाचून देतो, त्यांची बोलणी खातो. त्यांचं थोडं थोडं फिटत असतं. मॅडमचं तसं नाही. त्यांना मी एकूण चार वेळा भेटलोय, आणि चारही वेळा त्यांनी माझ्याकडून चहासुद्धा घेतलेला नाही.

मी गोंदियाकडचा. आमच्याकडं भात, तळी, आणि गावात सातवीपर्यंत शाळा. आठवीला नदीपलीकडं जावं लागायचं. पावसाळ्यात नाव बंद असायची. पहिल्या पावसाळ्यात दोन महिने गेलो नाही, मग जायची लाज वाटायला लागली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. एवढंच झालं. कुणी काढलं नाही, कुणी अडवलं नाही. पण मी हुशार होतो असं मास्तर म्हणायचे. माझं अक्षर बघून त्यांनी मला फळ्यावर सुविचार लिहायचं काम दिलं होतं. ते मी माझ्यापुरतं जपून ठेवलंय.

पुढं भातगिरणीत काम केलं. मग गावचा एक ड्रायव्हर सोलापुरातून टॉवेलचे गठ्ठे न्यायचा, त्याच्या ओळखीनं इकडं आलो. नागपूर, मग दौंडला गाडी बदलून सोलापूर. उतरलो तेव्हा पहिली गोष्ट मनात आली ती ही की इथून चालत घरी जाता येणार नाही. माझा स्वभाव भित्रा आहे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. आईचा फोन अवेळी आला की उचलायच्या आधी खाली बसून घेतो. हे सांगायचं कारण, पुढं मी जे केलं ते धीट माणसाचं काम वाटेल. मी धीट नव्हतो आणि आजही नाही.

कारखाना शहराबाहेरच्या एमआयडीसीत. पुढं यंत्रमाग, मागं रंगखातं. मी मागं. सुताच्या लडी रंगाच्या हौदातून काढायच्या, धुवायच्या, आणि पिळायला हायड्रोत टाकायच्या. हायड्रो म्हणजे कमरेइतक्या उंचीचं लोखंडी पिंप, आत भोकं पाडलेली टोपली. ती इतक्या जोरात फिरते की ओल्या सुतातलं पाणी भिंतीवर फेकल्यासारखं बाहेर पडतं. बटण बंद केलं तरी टोपली लगेच थांबत नाही. फिरत राहते, हळू हळू होत जाते, आणि हळू झाली की माणसाला वाटतं, झालं आता.

हायड्रोला झाकण असतं. झाकण उघडं असेल तर मशीन सुरूच होऊ नये असा त्याला स्विच असतो. आमचा तो स्विच सुताच्या दोऱ्यानं दाबून बांधून ठेवला होता, मी यायच्या आधीपासून. आणि झाकण देवीच्या खाली होतं.

हे जरा नीट सांगायला हवं.

आमचे मुकादम, त्यांना सगळे अण्णा म्हणत, पिढ्यान्‌पिढ्या विणकराच्या घरातले. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, मशीनशी दोन्ही. खंडेनवमीला कारखाना बंद. सगळ्या मशिनी पुसायच्या, तेलपाणी, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू. आदल्या दसऱ्याला हायड्रो धुवायला झाकण काढलं होतं. तेवढ्यात अण्णांना पूजेला चौरंग सापडेना. झाकण स्टीलचं, गोल, घासून लख्ख केलेलं. अण्णांनी चार विटा लावल्या, त्यावर झाकण ठेवलं, वर लाल कापड, कलश आणि देवीचा फोटो. मालकांच्या आईंनी येऊन स्वतःच्या हातानं कलश ठेवला. नारळ फुटला. सगळ्यांना पेढे.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं तेव्हा मी विचारलं होतं. "अण्णा, झाकण?"

"झाकणावर कोण बसलंय दिसंना का तुला?"

"दुसऱ्या पाटावर ठेवायची देवी."

"म्हणजे देवीला ऊठ म्हणायचं? तू म्हण की. गोंदियाची भाषा कळतीय का बघू तिला."

सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या दसऱ्यापर्यंत देवी उठायची नाही असं ठरलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. झाकण नसलं की एकेक भरणी, म्हणजे हायड्रोची एक खेप, लवकर उरकते. उघडायचं नाही, लावायचं नाही, वाट बघायची नाही. मालकांनाही ते दिसत होतं. रोज येऊन ते देवीला हात जोडायचे, मग उघड्या हायड्रोकडं बघायचे, आणि बाहेर जायचे. संध्याकाळी उदबत्ती मी लावायचो. ज्या झाकणाला मी रोज नमस्कार करत होतो, ते माझ्या हातावर असायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

माघ निम्मा सरला होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आधीची शेवटची भरणी. बटण बंद केलं, टोपली हळू झाली, एका लडीचा फेर सुटून बाहेर लोंबत होता. तो आत सारायला मी हात घातला. ओलं सूत मनगटाला बसलं. पुढचं मी लिहीत नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मनगट मोडलं. चाचांच्या पायातली चप्पल बॉयलरजवळ आणि ते स्विचजवळ, एवढं मात्र डोळ्यांपुढं आहे.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी अण्णा आणि ऑफिसातले कारकून आले. कारकुनांनी मोसंबी आणली होती, आणि टाइप केलेला कागद. कागद मोठ्या वहीखाली धरलेला, खालची दोन बोटं रुंदीची जागा फक्त उघडी.

"विम्याचा फॉर्म आहे," कारकून म्हणाले. "सही कर."

मी बँडेज दाखवलं.

"मग डावा अंगठा दे. काय फरक पडतो?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा खिडकीकडं बघत होते. गुंगीचं औषध होतं, हात पेटल्यासारखा होता, आणि माझ्या मनात एकच चालू होतं की आईला हे कोण सांगणार. मी अंगठा दिला. शाई पुसायला कारकुनांनी स्वतःचा रुमाल दिला. त्या वेळी मला त्याचं बरं वाटलं होतं, हे आठवलं की अजून अंग आखडतं.

दवाखान्यातून सोडल्यावर मी कारखान्याच्या मागच्या खोलीत पडून होतो. खोली मालकांची. आम्ही चौघं राहायचो, दिवसा बाकीचे कामावर. मोठा अपघात झाला की सरकारला कळवावं लागतं. मालकांनी कळवलं होतं. सोबत माझा अंगठ्याचा कागद जोडला होता आणि त्यांना वाटत होतं प्रकरण मिटलं. पण कुठूनसं समजलं की तपासणीला बाई येणार, ह्याच आठवड्यात. धावपळ सुरू झाली. कपाटातून रबरी हातमोजे निघाले. गमबूट निघाले, सगळे एकाच मापाचे. हायड्रोच्या स्विचला बांधलेला दोरा सोडला. नवी पाटी लागली, 'सुरक्षा प्रथम', तीही वाकडी.

आणि झाकण. मालक अण्णांना म्हणाले, आजच बसवून घ्या. माझ्या खिडकीखालीच बोलत होते.

अण्णा म्हणाले, "उद्या अमावास्या हाय. आज उत्तरपूजा करून रिकामा पाट अमावास्येत ठेवायचा? आईंना विचारा तुमच्या."

"मग कधी?"

"परवा सकाळी. पाच मिनिटांत बसवतो. अमावास्येला कुठली बाई येतीया कामाला?"

मालक ऑफिसकडं निघून गेले. आईंना विचारायची त्यांचीही तयारी नव्हती.

मॅडम अमावास्येलाच आल्या.

ऑफिसच्या दारानं नाही, मागच्या फाटकानं. तिथून सांडपाणी कसं जातं ते आधी बघितलं म्हणे. साधा पंजाबी ड्रेस, पायात जाड बूट, हातात टॉर्च, खांद्याला कापडी पिशवी. बरोबर कुणी नाही. पंचेचाळिशीच्या असाव्यात. कारकून धावत माझ्या खोलीशी आले. "तू बाहेर यायचं नाहीस. गावी गेलायस म्हणून सांगितलंय. कडी लाव आतून."

मी कडी लावली. तीनदा बघितली. मग दाराच्या फटीला उभा राहिलो. रंगखात्याची मागची बाजू तिथून पूर्ण दिसते.

मॅडम हायड्रोपाशी उभ्या होत्या. मालक, अण्णा, कारकून. चाचा बॉयलरजवळ, काही न बघितल्यासारखे.

"ह्याचं झाकण?"

"तोच तर प्रकार आहे मॅडम," मालक म्हणाले. "त्या दिवशी पोरगं पिऊन आलं. स्वतःच झाकण उचकटलं आणि घातला हात. कागदावर लिहून दिलंय त्यानं. वाईट वाटतं, पण काय करणार."

मी फटीतून ऐकलं. पिऊन. मी गुटखासुद्धा खात नाही.

"मग ते झाकण कुठाय आता?"

"भंगारात दिलं. वाकडं झालं होतं."

मॅडमनी टॉर्च लावून बिजागरीची जागा बघितली. बोटानं खरवडली. "इथं बोल्टच्या भोकात धूळ आणि सूत घट्ट बसलंय. पंधरा दिवसांचं नाही हे."

 मग मॅडमचं लक्ष कोपऱ्यातल्या देवीकडं गेलं. त्या पिशवी खाली ठेवून बूट काढायला लागल्या. मालकांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण अण्णांचा दिसत होता. मॅडम मोज्यांवर देवीपुढं गेल्या, हात जोडले, आणि नमस्कार करून उठायच्या ऐवजी तिथंच उकिडव्या बसल्या. लाल कापडाची कड दोन बोटांनी वर केली. देवीला धक्का नाही, कलशाला धक्का नाही. कापडाखाली झाकणाची कड, आणि कडेला बिजागरी.

त्यांनी मालकांकडं बघितलंच नाही. अण्णांना विचारलं, "अण्णा, आई इथं कधीपासून बसल्यात?"

 देवीसमोर उभा माणूस. अण्णा हळूच म्हणाले, "खंडेनवमीपासून."

"मध्ये उठवलं होतं?"

"न्हाई हो. देवीला कसं उठवायचं?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी नुसतं लिहिलं. मग म्हणाल्या, "जखमी कामगाराला भेटायचंय."

"गावी गेला. गोंदियाला," कारकून.

"कधी येणार?"

"काय सांगावं मॅडम. ही बाहेरची माणसं. आली आली, गेली गेली."

 खोली मालकांची, गावी जायचं तिकीट मालक काढणार होते, दवाखान्याची ड्रेसिंग मालकांच्या ओळखीनं चालू होती. कडी काढली तर यातलं काहीच उरणार नव्हतं. आणि न काढली तर त्या कागदात मी दारुडा म्हणून कायमचा बसणार होतो, सरकारच्या फायलीत, माझ्या अंगठ्यासकट. उद्या आईला कुणी विचारलं तर ती कुठल्या तोंडानं सांगणार होती की माझा मुलगा पीत नाही.

डाव्या हातानं कडी सहज निघेना. खडखडाट झाला. सगळे वळले.

"मी इथंच आहे," मी म्हणालो.

कारकून म्हणाले, "अरे, तू कधी आलास?" त्यावर चाचा बॉयलरमागून एकदम हसले. त्या दिवशी हसलेलं तेवढंच.

मॅडमनी मला क्रेटवर बसवलं आणि स्वतः समोर दुसऱ्या क्रेटवर बसल्या. पिशवीतून तो कागद काढला. "हा तुमचा अंगठा?"

"हो."

"मी वाचून दाखवते."

"मी वाचतो," मी म्हणालो.  "सातवी झालीय माझी."

मी मोठ्यानं वाचला. 'मी दारूच्या अमलाखाली असताना, मुकादमांनी मनाई केली असूनही, हायड्रो मशीनचे झाकण स्वतःच्या हाताने काढून टाकले. सदर अपघातास मी स्वतः जबाबदार असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' वाचताना अण्णांकडं बघितलं. ते मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होते.

"वाचता येतं, तर मग सही का नाही केली?"

मी बँडेज वर केलं. मग कागद कसा धरला होता ते सांगितलं. खालची दोन बोटं जागा.

मालक मध्ये बोलले. "मॅडम, हा आता कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलतोय. त्याचं म्हणणं काय असेल ते आमचे कारकून लिहून घेतील."

"त्यांनी एकदा लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तुमचा जबाब मी लिहून घेऊ शकते. वाचून दाखवीन, पटलं तर पुन्हा अंगठा द्या."

मला अंगठा द्यायचा नव्हता. तो शब्दच नको झाला होता. मी म्हणालो, "मी लिहितो. डाव्या हातानं."

"जमेल?"

"वेळ लागेल."

त्यांनी घड्याळ काढून पिशवीत टाकलं. खरंच. वही माझ्या मांडीवर ठेवली, खाली पुठ्ठा दिला, पेन दिलं. "लिहा. मी बसते."

डाव्या हातानं मराठी लिहून बघा कधी. ओळ उतरते, आणि 'क' काढताना पोट कुठल्या बाजूला घ्यायचं ते हाताला कळत नाही. पहिली ओळ लिहायला मला वाटतं दहा मिनिटं लागली. माझं अक्षर चांगलं होतं हो. हे मला दिसत होतं आणि डोळे भरत होते, पण रडलो तर कागद भिजेल म्हणून रडलो नाही. मॅडम मध्ये एकदाही 'आटपा' म्हणाल्या नाहीत. एक शब्द सुचवला नाही. मालक दोनदा आत जाऊन आले. एकदा येऊन म्हणाले, "मॅडम, ऑफिसात तरी बसा, इथं वास आहे." त्या म्हणाल्या, "हे लोक रोज बसतात."

जेवणाची सुट्टी झाली. पुढचे मागवाले येऊन भिंतीशी उभे राहिले. एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "काय लिहायलाय बे एवढं?" दुसरा म्हणाला, "आत्मचरित्र लिहायलाय. तू गप."

मी सगळं लिहिलं. दोरा बांधलेला स्विच. झाकण. मालक रोज बघत होते ते. आणि शेवटी लिहिलं की झाकण नाही हे मला माहीत होतं, काम लवकर होतं म्हणून मला ते बरंही वाटत होतं, आणि हात मीच घातला.

मॅडमनी वाचलं. त्या ओळीवर पेन ठेवून थांबल्या. "हे नाही लिहिलं तरी चालेल तुम्हाला."

"खरं आहे ते."

"मग राहू द्या." आणि मग मालकांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "माणूस दमतो, घाई करतो, चुकतो. त्यासाठीच झाकण असतं. ते जागेवर आहे का बघणं हे ह्यांचं काम नव्हतं."

खाली मी सही केली. माझ्या नावाची सात अक्षरं, वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली. मॅडमनी त्याखाली तारीख घातली आणि अण्णांना साक्षीदार म्हणून सही करा म्हणाल्या. अण्णांनी मालकांकडं बघितलं. मग देवीकडं. आणि केली. तेलुगूत केली. मॅडम म्हणाल्या, चालते.

झाकण आणि चालणारा स्विच बसेपर्यंत हायड्रो बंद ठेवायचा हुकूम त्यांनी तिथंच हातानं लिहून दिला. अण्णांनी प्रतिपदेला उत्तरपूजा केली, देवी नव्या पाटावर गेली, झाकण मशीनवर गेलं. पण दोऱ्यानं दाबून जुना स्विच कामातून गेला होता, नवा यायला आठवडा लागला. तेवढे दिवस रंगखातं बसून. लोक माझ्यावर चिडले. ज्यांच्या ताटात मी जेवलो होतो ते माझ्या बादलीला हात लावेनात. एकानं तोंडावर सांगितलं, "तुझं बोट गेलं ते गेलं, आमचं पोट कशाला?"  आजही त्याचा मला राग नाही. राग आहे तो वेगळ्यांवर.

तिसऱ्या दिवशी खोली रिकामी कर म्हणून निरोप आला. मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभा होतो तर चाचा सायकल घेऊन निघत होते.

"किधर जाता रे?"

"बघतो चाचा. स्टेशनवर."

"टेशन पे कायको? घर में जगा है. मेरी बुढी बोली, वो डावे हातवाले कू लेके आओ, देखने का है." आणि सायकलवर माझी पिशवी अडकवता अडकवता म्हणाले, "क्या लिख्या रे तू, बाप रे. इत्ता तो कलेक्टर नै लिखता."

आईला मी स्वतः फोन केला. कारखान्यातून तिच्यापर्यंत आधीच बातमी गेली होती, गावच्या त्या ड्रायव्हरमार्फत.  तिनं पहिलं विचारलं, "पीत होतास का गा?"

"नाही माय. मी लिहून दिलंय तसं. सरकारात."

"तुझ्या हातानं?"

"माझ्या हातानं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि मग रडली. मी उन्हात उभा होतो, चाचांच्या गल्लीत, लोक जात येत होते, आणि मी पण रडलो. कुणाला दिसायचं तर दिसू दे म्हटलं.

मॅडमना मी त्यांच्या ऑफिसात तीनदा भेटलो. भरपाईचा अर्ज कुणाकडं करायचा ते त्यांनी सांगितलं. तो भाग त्यांच्याकडं नसतो, पण कोणत्या खिडकीवर जायचं हे सुद्धा कागदावर लिहून दिलं. मालकांवर त्यांनी कोर्टात खटला टाकला. एकदा मी शेंगाची चटणी घेऊन गेलो, चाचींनी मुद्दाम कुटलेली. मॅडम म्हणाल्या, "माझ्या टेबलावर काही ठेवायचं नाही." मला अपमान वाटला. मी म्हणालो, "मॅडम, गरिबाची म्हणून नको का?" त्यांनी चष्मा काढला. "ही मी घेतली की उद्या कोर्टात त्यांचा वकील विचारील, साक्षीदाराकडून काय काय घेतलंत. तुम्ही खा ती चटणी." मग फायलीकडं बघत बोलल्या. "मला एकच द्या. फिरू नका. माझे साक्षीदार फिरतात. दोन वर्षं जातात, तारखा पडत राहतात, आणि मग पिंजऱ्यात उभं राहून म्हणतात, मला आठवत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण मशीन उघडीच राहते."

मी मान हलवली. तेव्हा तोंडानं काही बोललो नाही, भीती वाटली. बोललो आणि जमलं नाही तर?

आता मी एका दुसऱ्या ठिकाणी गोदामात आहे. माल आत येतो, बाहेर जातो, मी लिहितो, डाव्या हातानं. अक्षर सुधारलंय. तारखा पडतात. मॅडमची बदली झालीय. त्यांच्या जागी जे आलेत ते भले असतील, माझी ओळख नाही. जुन्या कारखान्यातून माणसं येतात. आधी गोड बोलायला आली, मग घाबरवायला. गेल्या महिन्यात कारकून स्वतः आले, चाचांच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "गोंदियाला जा ना. आईजवळ राहा. तारखेला नाही आलास तर कोण बघतंय? तिकीट आम्ही काढतो." मी म्हणालो, आईकडं जायचं तेव्हा माझ्या तिकिटानं जाईन. ते म्हणाले, "अण्णा सुद्धा फिरणार आहेत, तुला माहीत नाही." मी म्हणालो, फिरू देत. अण्णांचं अण्णांपाशी. दार लावलं आणि कडी तीनदा ओढून बघितली, डाव्यानं आणि उजव्याचं जे उरलंय त्यानं.

भीती असू दे. मी ती घालवायचं सोडून दिलंय.

मॅडम, तुम्ही हे वाचाल की नाही मला माहीत नाही. तुमचं मी फेडणार आहे आणि कसं ते ठरलंय. पुकारा होईल त्या दिवशी मी कोर्टात असेन, दोन वर्षांनी असो नाहीतर दहा. अण्णा फिरले तरी, चाचा नसले तरी, नोकरी गेली तरी. झाकण खंडेनवमीपासून कुठं होतं ते मी सांगीन, स्विचला दोरा होता ते सांगीन, हात मी घातला तेही सांगीन, आणि 'आठवत नाही' म्हणणार नाही. तुमची बदली जिथं असेल तिथं तुम्हाला कुणीतरी कळवेल की एक साक्षीदार फिरला नाही. तेवढं माझ्याकडून घ्या. ते टेबलावर ठेवावं लागत नाही.